निरंक

दिंडोरी रोड, नाशिक
९ डिसेंबर २०२४

विश्वेश,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तीन वर्षांनी एकदम प्रिय म्हटलं तर तू पुढचं न वाचताच कागद फाडशील अशी भीती वाटली. फोन तू उचलत नाहीस, बॅचच्या ग्रुपमधून निघून गेलास. चिपळूणचा पत्ता तुझ्या बहिणीकडून मिळवला, म्हणजे जवळजवळ हिसकावलाच. तिच्यावर रागावू नकोस.

आमचं बरं चाललंय. हॉस्पिटल पंधरा खाटांचंच आहे. ओपीडी ऐंशीच्या खाली येत नाही. दिवाकर नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाला आणि आता रिकाम्या नवऱ्यासारखा दिवसभर माझ्या फ्रीजची तपासणी करतो. छाया सिस्टर अजून आहे आणि अजून मला घाबरत नाही.

मागच्या महिन्यात एक पेशंट गेला. झिपरू त्याचं नाव, चाळिशीचा, पेठकडचा. दिंडोरीच्या पलीकडे एका द्राक्षबागेत फवारणीला होता. हृदयक्रिया बंद पडून गेला. असे पेशंट जातात, तुला काय सांगायचं. पण परवा त्याची बायको आली, लंकाबाई. पेशंटसारखा नंबर लावून तीन तास बसली. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाली, "मला काय बी नाय झालं, बाई. त्येंच्या कागदावर काय लिवलंय तेवढं सांगा. गावात म्हंत्यात पिऊन मेला. माजा मानूस पीत नव्हता. तुमी लिवून द्या, पीत नव्हता म्हनून."

एवढीच तिची मागणी होती. मी तिला म्हटलं, आज फार गर्दी आहे, नंतर या. ती "बरं" म्हणून उठली. दारात चपला घालताना तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

हे तुलाच का लिहिते आहे ते मला माहीत आहे. पण आज लिहायचं धाडस नाही.

मालिनी


२९ डिसेंबर २०२४

विश्वेश,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज पोस्टमनची वाट बघते आणि स्वतःवरच चिडते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू वाचतानाच ओळखलं असशील. फवारणीचा माणूस, भर हंगामात, आणि म्हणे हृदयक्रिया बंद!

झिपरूला आणलं तेव्हा त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. तोंडातून लाळेची धार, अंग घामाने निथळलेलं, नाडी चाळीस, कपड्यांना औषधाचा तो उग्र वास. दुसऱ्या वर्षाच्या पोरानेही दारातून निदान केलं असतं. सकाळपासून तो तोंडावर नुसता रुमाल बांधून फवारत होता. अकराच्या सुमाराला झोकांड्या खायला लागला, तेव्हा बागेचा मालक रंगनाथआबा म्हणाला, आज सकाळीच घेतलेली दिसते, आणि त्याला सावलीत झोपवून ठेवलं. दीड तासाने फेस यायला लागला तेव्हा जीपमध्ये घातलं. वाटेत सरकारी आरोग्य केंद्र आहे. तिथला पोरसवदा डॉक्टर चांगला होता, त्याने लगेच अॅट्रोपिन चालू केलं. केंद्रात त्या उताऱ्याची दहाच इंजेक्शनं होती. अशा माणसाला पहिल्या तासात चाळीस-पन्नास लागतात. दहा संपली आणि त्याने त्याला माझ्याकडे पाठवलं. माझ्याकडे पोचेपर्यंत फुप्फुसं भरली होती. साडेचारला गेला.

मग रंगनाथआबा माझ्या केबिनमध्ये आले. वीस वर्षांची ओळख. म्हणाले, "मॅडम, पोलिसाचं लफडं नको. बाग फुलोऱ्यात हे, मजूर पळून जातील. आन् त्यो पेताड व्हताच." मी केसपेपर ओढला आणि लिहिलं, 'दारूचे व्यसन असल्याचे सोबतच्यांनी सांगितले. हृदयक्रिया बंद.' पोस्टमॉर्टेम नाही, पोलीस नाहीत. पाच मिनिटांत काम झालं. बाहेर सव्वीस पेशंट बसले होते.

माझा हात थांबला नाही, विश्वेश. सवयीने चालला. विषबाधा लिहिली की पोलिसांना कळवा, जबाब द्या, तीन वर्षांनी कोर्टाचं समन्स, निफाडला जाऊन दिवसभर बाकावर बसा आणि चार वाजता पुढची तारीख घ्या. एकदा हे सगळं केलं आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून जगणाऱ्याला 'गॅस्ट्रो' आणि मरणाऱ्याला 'हृदयक्रिया'. दिंडोरी रोडवरच्या प्रत्येक हॉस्पिटलात हेच चालतं. आपण एकमेकांत त्यावर हसायचोसुद्धा. द्राक्षांच्या हंगामात गॅस्ट्रो फार, म्हणायचो.

तू हसायचा नाहीस, हे आता आठवतं.

मालिनी


१६ फेब्रुवारी २०२५

विश्वेश,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं हेच मला ठाऊक नव्हतं. दोन वाक्यं: 'मला पत्रं लिहू नकोस. समितीला लिही.' खाली सहीसुद्धा नाही. आधी संतापले. दिवाकरला दाखवलं तर तो म्हणाला, "बरोबरच लिहिलंय त्याने," आणि चहा ठेवायला गेला.

तू ती दोन वर्षं कसा फिरत होतास ते मला आता नीट दिसतंय. स्कूटरवरून प्रत्येक हॉस्पिटलात, पिशवीत तो एकपानी फॉर्म. महिन्यात फवारणीच्या विषबाधेचे किती रुग्ण, एवढं भरायचं आणि डॉक्टरने सही करायची. पोलीस नाहीत, नावं नाहीत, फक्त आकडा. तू सांगायचास, "अगं, केंद्रात इंजेक्शनं किती ठेवायची ते मागच्या वर्षीच्या आकड्यावर ठरतं. आकडाच नाही तर औषध कुठून येणार?" मी म्हणायचे, माझ्याकडे वेळ नाही, मी पेशंट बघते, तेच माझं समाजकार्य. आणि छायाला सांगितलं होतं, दर महिन्याला 'निरंक' लिहून सहीला आणत जा. बावीस महिने मी न वाचता सही केली. एकदा ती म्हणाली होती, "मॅडम, खरंच निरंक?" मी तिला झापलं होतं.

केंद्रांचा औषधसाठा ठरवणाऱ्या जिल्हा समितीची बैठक झाली तेव्हा तू चार वेळा फोन केलास, एकटीने तरी ये म्हणून. माझी ओपीडी होती. तू एकटा गेलास. एक्केचाळीस हॉस्पिटलांपैकी एकोणचाळीस निरंक. अध्यक्षांनी तुला विचारलं म्हणे, "डॉक्टर, आजारच नाही तर औषध कशाला?" संध्याकाळी आपल्या डॉक्टरांच्या असोसिएशनच्या हॉलमध्ये तू ओरडलास, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ह्याला पुढारी व्हायचंय, आपल्या खांद्यावर चढून." लोक हसले. मी बोलले ते लोकांना आवडलं म्हणून मलाही आवडलं. पुढच्या महिन्यात तू दवाखाना बंद केलास आणि चिपळूणच्या कॉलेजात शिकवायला निघून गेलास.

मला लाज वाटते. हे असं सरळ लिहायला सव्वादोन महिने आणि तीन पत्रं लागली.

गेल्या रविवारी छाया आणि मी माळ्यावरचे गठ्ठे काढले. निदानाच्या रकान्यात माझ्या अक्षरात गॅस्ट्रो. आणि मागच्या पानावर, औषधांच्या तक्त्यात, छायाच्या अक्षरात दर दहा मिनिटांना अॅट्रोपिन, बाहुल्यांचा आकार, नाडी. तिने एकही वेळ चुकवलेली नाही. त्रेचाळीस केसपेपर निघाले. झिपरूचा धरून चव्वेचाळीस. छाया धूळ पुसून एकेक गठ्ठा बांधत राहिली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

समितीला अर्ज केला आहे. बैठक जुलैत आहे.

मालिनी


२२ जून २०२५

विश्वेश,

पत्रं लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते आहे. नाहीतर कुणाला सांगू?

दीड महिना मी तुझं काम केलं. दुपारी दोन ते चार, गाडी काढून हॉस्पिटलं पालथी घातली. तुझ्या स्कूटरची आता कीव येते. म्हटलं, मी माझे कागद दाखवणार आहे, तुम्हीही दाखवा, सगळे मिळून गेलो तर कुणा एकाची मान अडकणार नाही. लोक प्रेमाने बसवतात, कॉफी पाजतात. एकाची नवी सोनोग्राफी मशीन येणार आहे, एकाच्या मुलीची प्रवेश परीक्षा आहे. एक म्हणाला, "मॅडम, तुमचं आता वय झालंय, तुम्हाला परवडतं." आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे तो! एकजण मात्र खरं बोलला. म्हणाला, "माझे साठ आहेत. पण मी हो म्हटलं तर मी खोटारडा ठरतो, आणि नाही म्हटलं तर फक्त बिझी." त्याच्यावर रागावताही येईना.

एकानेही होकार दिला नाही. वकिलांनी सांगितलं, हे कागद स्वतःहून दिलेत तर रजिस्ट्रेशन जाऊ शकतं, झिपरूच्या बाबतीत पोलीस केससुद्धा होईल. त्या दिवशी घरी येऊन मी गठ्ठे परत माळ्यावर टाकायला निघाले होते. हे कबूल करते. दिवाकर शिडी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "टाकायचेत तर टाक. पण मग चिपळूणला पत्रं लिहिणं बंद कर." मी शिडीवरून उतरले.

त्यानंतर लंकाबाईकडे गेले. पेठच्या रस्त्यापासून आत, डांबर संपतं तिथून पुढे दोन किलोमीटर चालत. ती पडवीत नागली निवडत होती. मी सांगितलं. फवारणीच्या औषधाने गेला, दारूने नाही. मला तेव्हाच माहीत होतं. मी मुद्दाम खोटं लिहिलं.

ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "तवा खरं लिवलं असतं तर वाचला असता का?"

मी म्हटलं, "तेव्हा नाही. पण त्याच्या आधीच्या लोकांचं खरं लिहिलं असतं तर केंद्रात औषध असतं. मग कदाचित वाचला असता."

"आदीचे किती?"

"त्रेचाळीस."

तिने उठून आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. निघताना म्हणाली, "मी येते तितं. साहेबापुडं ह्येच बोला."

मालिनी


१९ जुलै २०२५

विश्वेश,

झाली बैठक.

लांबलचक टेबल, अकरा माणसं, बिस्किटं. मी, छाया आणि मागच्या भिंतीला टेकून लंकाबाई. तिला खुर्ची दिली तर बसेना. असोसिएशनचं कुणी नव्हतं. त्यांच्या अध्यक्षांचा निरोप होता, शुभेच्छा आहेत.

मी चव्वेचाळीस केसपेपर एकेक करून सांगायला घेतले. वय, तारीख, बाहुल्या, किती इंजेक्शनं. बाराव्याला एक साहेब म्हणाले, "मॅडम, सारांश सांगा ना." मी म्हटलं, "नाही." आवाज चढला माझा. तुझी आठवण झाली. शेवटचा झिपरू. त्याचं नाव घेतलं आणि म्हटलं, हा दारू पीत नव्हता, ते मी खोटं लिहिलं होतं, त्याची पत्नी इथे उभी आहे.

समितीच्या अध्यक्षांनी गठ्ठ्यातला पहिला केसपेपर हातात घेतला, चष्मा लावला. "इथे तुमच्याच अक्षरात गॅस्ट्रो आहे. आणि आज तुम्ही विषबाधा म्हणता. खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तेव्हा."

"मग उद्या आणखी तिसरं काही सांगाल."

तो माणूस वाईट नव्हता रे. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. निर्णय असा, की जुन्या नोंदी धरता येत नाहीत, कारण त्या त्या वेळी निरंक आल्या आहेत. त्यामुळे ह्या हंगामात केंद्रात दहाच इंजेक्शनं. पण ह्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीने जे फॉर्म येतील ते धरणार, आणि पुढच्या वर्षीचा साठा त्यावर ठरणार. हे लेखी दिलं आहे. तुला जे मिळालं नव्हतं ते निदान एवढं मिळालं. आणि माझ्या कागदांचा एक संच पुढच्या कारवाईसाठी मेडिकल कौन्सिलकडे.

बाहेर जिन्यात लंकाबाईने विचारलं, "काय झालं, बाई?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमी बोललात त्ये समद्यांनी आयकलं ना? पीत नव्हता म्हनून?"

मी म्हटलं, "ऐकलं."

"बास मंग." आणि पदराने तोंड झाकून ती जिन्यातच बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडताना पाहिलं तिला. छाया तिच्या शेजारी बसली. मला बसायचा हक्क वाटला नाही, मी उभी राहिले.

मालिनी


३० ऑक्टोबर २०२५

विश्वेश,

आज भराभर लिहिते, स्पीडपोस्ट सहाच्या आत टाकायचं आहे.

कौन्सिलचा निकाल आला. सहा महिने रजिस्ट्रेशन स्थगित, एक तारखेपासून. मी सगळं कबूलच केलं होतं, त्यांना चौकशीला वेळ कशाला लागेल? झिपरूची पोलीस केस वेगळी चालू आहे. दोनदा जबाब झाला. मला ह्या शिक्षेबद्दल तक्रार नाही. लोकांना वाटतं मी खचले असेन, पण खरं सांगू, झोप लागते आता. माझी अडचण दुसरीच आहे.

ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे फवारणीचे सतरा आले. सतराचेही फॉर्म गेले, माझ्या सहीने, विषबाधा म्हणून. पोलिसांनाही कळवलं. रंगनाथआबांनी ओळख तोडली, तीन बागायतदार आता आपापल्या मजुरांना दुसरीकडे नेतात. तरी सतरा. बाकी चाळीस हॉस्पिटलांतून मिळून दोन. अजून तीन महिने फवारणी आहे, आणि परवापासून माझी सही चालत नाही. ड्युटीवरचे दोघे होमिओपॅथीचे, त्यांचीही नाही. असोसिएशनच्या प्रत्येकाला विचारलं. रोज दहा मिनिटं येऊन पेशंट बघा आणि सही करा, बाकी सगळं छाया करेल, ती सगळं व्यवस्थित लिहून ठेवते. सगळे बिझी आहेत. त्यांना काय म्हणू? त्यांच्या जागी वीस वर्षं मीच बसले होते.

तुझं रजिस्ट्रेशन चालू आहे. मी तपासलं.

मला माफ कर असं मी एकाही पत्रात लिहिलेलं नाही, आजही लिहीत नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मी वरच्या मजल्यावर राहीन. तीन महिन्यांची रजा काढ. तुझ्या पोरांना ॲनाटॉमी दुसरा कुणी शिकवेल.

काल लंकाबाई आली होती. म्हटलं, तब्येत कशी आहे? म्हणाली, बरी हे. सोमवारपासून कामाला जाते आहे, फवारणीचा पाइप धरायला. त्याच बागेत. मी ओरडलेच तिच्यावर, दुसरं काहीही कर, पण हे नको. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसरं काय हाय, बाई? सांगा, त्ये करते."

केंद्रात दहाच इंजेक्शनं आहेत. मी माझ्याकडचा एक खोका तिथे नेऊन दिला, पण तो किती दिवस पुरेल?

शनिवारी रात्रीची गाडी धर. रविवारी सकाळी दिवाकर द्वारका चौकात उभा राहील.

मालिनी